काष्टीच्या सर्व्हरला हात कोणी लावला?

दौंडच्या एसटीतून काष्टीला उतरले तेव्हा बाजार ऐन भरात होता, आणि माझं डोकं बाजारापेक्षा जास्त तापलेलं होतं.

पाय ठेवायला जागा नव्हती. एका हाताला म्हशी, दुसऱ्या हाताला कांद्याच्या गोण्या, आणि मधोमध एक टेम्पो आडवा लावून ड्रायव्हर कुठेतरी भजी खायला गेलेला. वर ऑक्टोबरचं ऊन. खांद्यावर लॅपटॉपची जड बॅग. मी टेम्पोच्या कडेने अंग चोरून निघाले, तोच मागून ओढणीला झटका बसला. वळून बघते तर एक तांबडी कालवड माझ्या ओढणीचं टोक अगदी निवांत चघळत उभी होती.

मी ओढलं. तिनेही ओढलं.

"सोड! ए... सोड की!"

"जोर नका लावू. तिला वाटतंय तुम्ही खेळताय."

मोटारसायकलवर बसलेला एक तरुण गाडी बंद करून खाली उतरला. कालवडीच्या गळ्याखाली त्याने दोन बोटांनी हळूच खाजवलं. कालवडीने डोळे मिटले, मान वर केली... आणि तोंड उघडलं. ओढणी सुटली. तिला हिरवी लाळ लागली होती ती लागलीच.

"तुमची आहे का ही?" मी चिडून विचारलं.

"ओढणी?"

"कालवड!"

"न्हाई. वळखीची हाय." तो हसला. हसताना त्याची एक भुवई दुसरीपेक्षा वर जायची. मला ते तेव्हा अजिबात आवडलं नाही. "कुठं जायचंय तुम्हाला?"

"दूध संस्थेत."

"बसा मग. मी पन तिकडंच चाललोय. ह्या गर्दीतनं चालत गेलात तर उरलेली ओढणी पन जाईल."

बसले. आणि बसल्या बसल्या, दिवसभराचा राग त्याच्या पाठीशी बोलून काढला. अनोळखी पाठ असली की माणूस मोकळं बोलतो.

"कामाला आलात?" त्याने विचारलं.

"निस्तरायला आलेय. सर्व्हर बंद पाडलाय तुमच्या संस्थेचा."

"कुणी?"

"असतो एक प्रत्येक गावात! कॉम्प्युटरमधलं सगळं आपल्यालाच कळतं असं वाटणारा. आम्ही नगरला बसून सगळं व्यवस्थित लावून द्यायचं आणि याने त्यात हात घालायचा. आम्ही परत लावायचं, याने परत हात घालायचा. आणि ईमेलच्या खाली सही काय करतो माहितीये? 'संगणक विभाग'! एका माणसाचा विभाग!"

"लईच शहाना दिसतोय."

"शहाणा? मूर्ख आहे."

"अगदीच?"

"अगदीच."

पाठ थोडी हलली. मला वाटलं, खड्डा असेल.

गाडी संस्थेच्या दारात थांबली. त्याने खिशातून किल्ल्या काढल्या आणि आतल्या एका खोलीचं कुलूप उघडलं. दारावर कागद चिकटवलेला होता. संगणक विभाग.

"या मॅडम," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "मूर्खाच्या घरचा चहा चालतो ना तुम्हाला?"

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटायची ती वेळ होती. पण काष्टीची जमीन काही दुभंगली नाही. मी बॅग टेबलावर आपटली आणि म्हणाले, "साखर कमी."

त्याचं नाव आदिनाथ.

*

आमची कंपनी छोटी. नगरमध्ये सावेडीला दोन खोल्यांत चालते. दूध संकलनाचा प्रोग्रॅम आम्ही बनवतो. गवळ्याने कॅन आणला की वजन होतं, फॅट मशीन दुधाचा कस सांगतं, पावती छापून निघते आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज जातो. प्रत्येक संस्था आपला सर्व्हर आपल्याच ऑफिसात ठेवते. आमच्या दुधाचा हिशेब आमच्या छपराखाली, असा त्यांचा हट्ट.

मी लागले तेव्हा प्रोग्रॅम बसवायला माणूस गावोगाव जायचा आणि हातानेच सगळं करायचा. एका गावात एक गोष्ट विसरायचा, दुसऱ्या गावात दुसरी. मी ते बंद केलं. प्रत्येक सर्व्हिससाठी, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकेका भागासाठी, स्क्रिप्ट लिहिली, कॉम्प्युटरने ओळीने पाळायची कामांची यादी. जुनी सर्व्हिस थांबव, नवी उतरव, सेटिंग लाव, तपास, चालू कर, आणि चालू झाली का ते सांग. एकदा चालवा नाहीतर पन्नासदा चालवा, निकाल तोच. ऑफिसात आम्ही त्यांना रेसिपी म्हणायचो. त्यामुळे जामखेडला माझी आई सगळ्या भावकीत सांगत सुटली होती की आमची राजेश्वरी नगरला रेसिप्या लिहिती.

सगळ्या गावांत माझी रेसिपी चालत होती. एक काष्टी सोडून.

"का हात लावता तुम्ही?" चहा पिता पिता मी आदिनाथला विचारलं.

"मॅडम, आमचं फॅट मशीन जुनं हाय. त्याच्या वायरीचा वेग कमी. तुमची स्क्रिप्ट येती, वेग वाढवून जाती. मशीन बोलतंय एक आन् सर्व्हर ऐकतोय भलतंच. म्हशीच्या दुधाला गायीचा फॅट लागला मागच्या बाजाराला. कडूस पडायला, दिवस मावळताना, गाव जमा झालं हितं. मग मी हातानं वेग कमी केला."

"कळवायचं ना!"

"कळवलं. पाच ईमेल टाकले. तुम्ही उत्तर दिलं... थांबा, पाठच हाय मला. 'कृपया सर्व्हरला हात लावू नये.'"

मी चहाकडे बघितलं.

"मग काय प्रत्येक गावासाठी वेगळी स्क्रिप्ट लिहीत बसू? एक सुधारली की बाकीच्या सगळ्या सुधारत बसायच्या? मग रेसिपीचा उपयोग काय?"

"न्हाई, न्हाई. रेसिपी झकास हाय तुमची. वाचली मी सगळी." त्याने ते इतकं सहज म्हटलं की मी दचकलेच. माझी स्क्रिप्ट आजवर कोणी वाचली नव्हती, चालवली होती फक्त. "पन मीठ तुम्ही नगरला बसून टाकताय. सगळ्यांच्या ताटात सारखं. त्यापेक्षा गावागावाचं जे येगळं हाय, तेवढं बाजूला एका फाइलीत ठेवा. स्क्रिप्ट एकच. ती आधी बघंल, गाव कोणतं, आन् त्याची फाइल वाचंल."

तो बरोबर होता. ते मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. पण संध्याकाळपर्यंत मी त्याच्याशी वाद घातला. परतीच्या एसटीत, खिडकीतून येणाऱ्या धुळीत डोळे बारीक करून, मी लॅपटॉप उघडला आणि काष्टीच्या नावाची पहिली फाइल लिहिली.

त्याला कळवलं नाही. आपणहून कशाला कळवायचं?

*

त्यानंतर कामं निघत गेली. खरंच निघत गेली, मी काढली नाहीत... निदान सगळी तरी नाही. नवी पावती आली, नवा वजनकाटा आला. काष्टीत आधी चालवून बघू, मग बाकीच्या गावांत, असं मीच कंपनीच्या सरांना सुचवलं. जुनं मशीन तिथेच आहे ना, म्हणून.

आदिनाथ श्रीगोंद्याला बीएस्सी झालेला. घरचा ऊस, विहीर, गोठा. पुण्याला एक वर्ष नोकरी करून परत आला होता. का आलात विचारलं तर म्हणाला, "तिथं सगळे हेडफोन लावून बसतात. भांडायला कोन न्हाई."

माझ्याशी भांडायला मात्र त्याला वेळच वेळ होता. स्क्रिप्ट चालू असताना एखादी ओळ अडली की त्याचा हात आपोआप कीबोर्डकडे सरकायचा. मी चापट मारायची.

"हाताने काही करायचं नाही. जे करायचं ते स्क्रिप्टमध्ये."

"कायच न्हाई?"

"काहीच नाही."

तो दोन्ही हात वर करायचा, पोलिसांनी धरल्यासारखे. "नुसतं डोळ्यानं बघितलं तर चालंल?"

"सर्व्हरकडे."

"सर्व्हरकडंच म्हनलो मी. तुम्हाला काय वाटलं?"

मला काय वाटलं ते मी सांगत नव्हते. कान मात्र गरम व्हायचे, आणि त्याला ते दिसायचं. ती भुवई वर जायची. असा राग यायचा!

थंडी पडली. उसाच्या ट्रॉल्या रस्त्याने डुलत जाऊ लागल्या. एका दुपारी तो मला स्टँडवर सोडायला निघाला. गाडी पंक्चर होती म्हणून चालत. रस्त्याच्या कडेला ऊसतोड कामगारांची टोळी नुकतीच उतरली होती. त्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहत होत्या. एक बाई पाचटाच्या पेंढ्या वर फेकत होती, बाप्या बांबूवर बसून बांधत होता, आणि एक परकरातली मुलगी सुतळीचे तुकडे दाताने तोडून वर देत होती.

माझी पावलं थांबली.

"काय झालं?" आदिनाथने विचारलं.

"ते काम माझं होतं," मी म्हणाले. "सुतळीचं."

मग मी सांगितलं. अर्धी शाळा मी अशीच केली. दिवाळी झाली की आण्णा, आई आणि मी जामखेडहून निघायचो आणि दर वर्षी नव्या गावात नवी कोपी बांधायचो. अंधार पडायच्या आत. आण्णा आधी बांबू रोवायचे, मग आई पाचट, मग मी सुतळी. कोणी कोणाशी बोलायचं नाही. क्रम ठरलेला. एखादी गोष्ट मागेपुढे झाली की रात्री गार वारा आत.

"आमच्या फडावर पन..." तो बोलता बोलता अडखळला.

"आलो असू. मला गावं आठवत नाहीत. सगळी सारखीच दिसायची."

मला वाटलं, आता हा बिचारी वगैरे म्हणणार. किंवा गप्प होऊन जमिनीकडे बघणार. तसं केलं असतं तर मी पुढच्या खेपेला दुसऱ्या कोणाला पाठवलं असतं.

तो म्हणाला, "सुतळी आधी भिजवायची का नुसतीच?"

"भिजवून. मग वाळल्यावर गच्च बसते."

"आन् दार कुठल्या बाजूला?"

"वारा कुठून येतो ते बघून. ते आण्णा गावागावात वेगवेगळं ठेवायचे..."

आणि मी थांबले. त्यानेही ते बरोबर टिपलं होतं. तो हसला. चिडवणारं नाही, वेगळंच.

"आन् फाइलीवरनं माझ्याशी दिवसभर भांडलात," तो हळूच म्हणाला.

एसटी आली. मी चढले. खिडकीखाली उभं राहून तो म्हणाला, "राजेश्वरी, पुढच्या येळंला..." पहिल्यांदाच मॅडम न म्हणता. मी खिडकीतून बाहेर वाकले.

"पुढच्या वेळेला काय?"

"...काय न्हाई. सावकाश जावा."

काय न्हाई! श्रीगोंदा फाटा मागे पडेपर्यंत मी दात चावत बसले होते.

*

पुढची वेळ आली ती वाईट.

घरी पाहुणे येणार होते. मला बघायला. आईने महिनाभर आधी ठरवलेलं. नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. म्हणजे होतं, पण ते एसटीच्या खिडकीखाली अर्धं वाक्य बोलून थांबलेलं. मी जामखेडला गेले. आईची जांभळी साडी नेसले. पोह्यांची ताटली हातात घेतली... आणि फोन वाजला.

"मशीन गेलं," आदिनाथ म्हणाला. धापा टाकत होता.

"कुठलं?"

"सर्व्हर. डिस्क गेली. कर्र कर्र वाजली आन् गप. संध्याकाळचं दूध यायला लागंल आता. सेक्रेटरींच्या केबिनमधलं मशीन उचलून आनलंय, कोरं हाय. रेसिपी चालवू का?"

कोऱ्या मशीनवर सगळं उभं राहतं, असं मी छातीठोकपणे सगळ्यांना सांगत आले होते. पण काष्टीच्या फॅट मशीनला जोडून, खरं दूध दारात असताना, तसं कधी करून बघितलं नव्हतं. चाललं नाही तर गावचं दूध कॅनमध्ये तसंच उभं. दूध थांबत नाही कोणासाठी.

मी ताटली चुलीच्या कट्ट्यावर ठेवली आणि न्हाणीच्या मागे, पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहिले.

"चालवा. आणि प्रत्येक ओळ मला वाचून दाखवा. आणि हाताने..."

"काय करायचं न्हाई. म्हायती हाय." कीबोर्डचा आवाज आला. "युजर तयार केला... झालं. प्रोग्रॅम उतरवतोय... उतरवतोय..."

आतून आईचा आवाज आला. "राजे! पोहं गार व्हाया लागलं!"

"कसले पोहे?" फोनमधून आलं.

"काही नाही. पुढची ओळ वाचा."

"अगं पाव्हनं कवाधरनं वाट बघाय लागल्यात!" आई मागच्या दारात येऊन ओरडली.

"कसले पाव्हणे?"

"बघायला आलेत!" मी वैतागून म्हणाले.

"काय बघायला?"

"मला!"

मला वाटलं रेंज गेली.

"हॅलो? काय आलं? ओळ काय आली?"

"...कसली ओळ?"

"स्क्रीनवर, आदिनाथ!"

"हां. स्क्रीनवर..." त्याने घसा साफ केला. "काष्टीची सेटिंग वाचली, असं आलंय."

"पुढे?"

"फॅट मशीन जोडलं. वजनकाटा जोडला. सर्व्हिस चालू. तपासणी... ठीक." मागे कोणीतरी कॅन आपटला. मग छपाईचा करकर आवाज. "पावती आली. बरोबर हाय फॅट."

मी टाकीवर थाप मारली. "झालं! पहिल्या फटक्यात! कोऱ्या मशीनवर! आदिनाथ, बघितलंत?"

"बघितलं."

"आनंद नाही झाला?"

"झाला की. लई झाला." एरंडेल प्यायल्यासारखा आवाज. "जावा तुम्ही. पोहे गार व्हतील."

आणि त्याने फोन ठेवला.

मुलगा वाईट असता तर किती सोपं झालं असतं! वैजनाथ त्याचं नाव, कर्जतला पतसंस्थेत होता. नीटनेटका, हसऱ्या डोळ्यांचा. त्याच्या मावशीने विचारलं, पोरगी काय करती? आई अभिमानाने म्हणाली, रेसिप्या लिहिती. मावशी खुश. "आमच्या वैजूला पुरनपोळी लई आवडती!" वैजनाथने हसू दाबलं. नंतर एकट्याने मला विचारलं, "म्हणजे एकदा नीट लिहून ठेवायचं, की मग कुणालाही कुठंही करता यावं. असंच ना?" इतकं नेमकं माझ्या घरच्यांनाही कधी कळलं नव्हतं.

आणि मी त्याच्यासमोर बसून विचार करत होते की 'जावा तुम्ही' म्हणताना त्या माणसाचा चेहरा कसा झाला असेल.

पाहुणे गेल्यावर मी आण्णांना नाही म्हणून सांगितलं.

"का? वाईट हाय का पोरगं?"

"चांगला आहे."

"मंग?"

मी ओसरीचा खांब नखाने कोरत राहिले. आण्णांनी बराच वेळ तंबाखू मळली.

"फोनवर कोन हुतं मगाशी?"

"काष्टीची दूध संस्था."

"समदी संस्था?"

"...संगणक विभाग."

"हां," आण्णा म्हणाले. "विभाग व्हय." आणि उठून बाहेर गेले.

*

नगरला आले तर त्याचा मेसेज येऊन पडलेला होता.

'सर्व सेवा सुरळीत चालू आहेत. आभारी आहोत. – संगणक विभाग.'

आहोत! मी फोन गादीवर फेकला.

आणि मग काहीच नाही. काष्टीहून फोन नाही, ईमेल नाही, तक्रार नाही. राहुरीकडच्या संस्थेचा फोन यायचा, पारनेरचा यायचा, कोणाचा प्रिंटर रुसायचा, कोणाचं इंटरनेट जायचं. काष्टीत नवी आवृत्ती पाठवली तर तीही पहिल्या फटक्यात बसली. माझ्याच हाताने मी तो सर्व्हर इतका नीट करून ठेवला होता की तिथे जायला आता मला कारणच उरलं नव्हतं.

"तू त्या काष्टीच्या स्क्रीनकडे एवढं काय बघत असतेस?" शेजारच्या टेबलावरच्या रेश्माने विचारलं. "सगळं हिरवं तर आहे, काही बंद नाही."

"तेच तर!"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. तिला सगळं कळलं. "मग टाक की एखादी चूक मुद्दाम."

"मी? माझ्या स्क्रिप्टमध्ये?"

"मग बस हिरवं बघत."

फोन मी करू शकत होते. रोज संध्याकाळी नंबर काढायची. पण म्हणू काय? लग्न ठरलं का, हे त्याने विचारायला नको? सर्व्हरला हात लावू नका म्हणून सांगितलं तेव्हा शंभरदा लावला. आणि आता, जिथे थोडं धाडस करायचं, तिथे हा साधुबाबा हात जोडून बसलेला!

आणि एके दिवशी दुपारी आण्णांचा फोन आला. आण्णा स्वतः होऊन फोन करत नाहीत. मी घाबरले.

"काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी हाय. आगं, काल एक पोरगं आल्तं दारात. मोटरसायकल घिऊन. उनातानाचं आलं म्हनून पानी दिलं मी. कोन पाहिजे म्हनलं, तर लई येळ नुसतंच बघत ऱ्हायलं. मंग म्हनलं, पत्ता चुकला."

"मग?"

"मंग काय. कुठलं रं बाबा, तर म्हनलं काष्टीचं." आण्णा थांबले. "राजे, मला सांग, काष्टीवरनं जामखेडला पत्ता चुकत यील का कोन?"

आण्णा पुढे आणखी एक वाक्य बोलले, ते ऐकून मी खुर्चीवरून उठलेच. रेश्माला म्हणाले, मी काष्टीला चाललेय. ती म्हणाली, सगळं हिरवं आहे. मी म्हणाले, "असू दे!"

*

तो संगणक विभागात प्रिंटरची रिबन बदलत बसला होता. दोन्ही हात मनगटापर्यंत काळे. मला दारात बघून ताडकन उभा राहिला, आणि रिबन भेंडोळं होऊन खाली पडली.

"मॅडम? काय बिघडलं?"

"काही नाही बिघडलं."

"मग?"

"म्हणूनच आले! काही बिघडत नाही, तुम्ही फोन करत नाही, सगळं सुरळीत चालू आहे, तुम्ही आभारी आहात, आणि मला वेड लागायची पाळी आलीय!"

तो डोळे मोठे करून बघत राहिला. बाहेर कॅन उतरवायचा खणखणाट सुरू झाला होता. दारातून ताज्या दुधाचा कोमट वास आत आला.

"जामखेडला कशाला गेला होता?"

"कोन म्हनलं?"

"ज्यांनी पाणी दिलं, ते म्हणाले."

त्याचा चेहरा असा झाला की दुसरी कोणती वेळ असती तर मी हसून लोळले असते. "त्ये... वडील हुते?"

"दारावर पाटी आहे, आदिनाथ! बिभीषण असं मोठं नाव आहे!"

"पाटी बघितलीच न्हाई. वाटलं, पाव्हण्यांपैकी कोन असंल. सासरकडचं. मी लई घाबरलो हुतो."

"इतकं जाऊन पत्ता चुकला म्हणालात?"

"तोंडाला येईल ते बोललो."

"आणि बोलायचं काय ठरवलं होतं?"

तो काळ्या हातांकडे बघत राहिला. मी वाट बघितली. या वेळी मी एसटीत नव्हते, आणि मला कुठेही जायचं नव्हतं.

"ठरवलं हुतं की..." तो हळूहळू म्हणाला, "विचारीन, तुमच्या पोरीचं ठरलं का. ठरलं असंल तर पानी पिऊन माघारी जातो. आन् ठरलं नसंल... तर थांबतो. किती बी दिवस."

माझा सगळा राग कुठे गेला कोण जाणे. इतका जपून आणला होता.

"ठरलं नाही," मी म्हणाले.

"आन् त्यो पाव्हणा?"

"चांगला होता. मी नाही म्हणाले."

"का?"

"आता हेही मीच सांगायचं?"

त्याने हात पुढे केला, शाई बघून मागे घेतला, परत पुढे केला. बावळटासारखा तिथेच अडकला. शेवटी मीच त्याचं मनगट धरलं. शाई लागली. लागू दे. त्याच्या मनगटातली नाडी इतकी धावत होती, की माझी धावतेय का त्याची, कळेना.

"आदिनाथ, तुमचा ऊस आहे, विहीर आहे," मी खाली बघत म्हणाले. "आमची माणसं तुमच्या फडात कोयता घेऊन यायची. तुमच्या घरी काय म्हणतील?"

"आईला सांगितलंय."

"कधी?"

"जामखेडला जायच्या आधी."

"मग?"

"दोन दिवस बोलली न्हाई. मंग म्हनली, आधी पोरीला हो म्हनू दे, मंग चिडते. उगं आत्ताच कशाला चिडू?" तो थांबला. "चिडंल ती, राजेश्वरी. खोटं न्हाई सांगत. चुलते पन बोलतील. पन मी हितंच हाय. माघारी फिरनार न्हाई."

त्याच्या तोंडून त्या दिवशी मला गोड काही नको होतं. हेच हवं होतं.

"ए आदिनाथ!" बाहेरून एका बाईने आवाज दिला. "काटा चालू कर की बाबा! कवाची हुबी हाय!"

तो हलला नाही. "तू जानार आता?" त्याने विचारलं. तू म्हणाला आणि स्वतःच दचकला.

"एसटीला वेळ आहे. जा, लोक खोळंबलेत."

तो दारापर्यंत गेला आणि मागे वळला. "वडील काय म्हनले? मी गेल्यावर?"

आण्णांचं ते शेवटचं वाक्य मी नगरपासून ओठांत धरून आणलं होतं.

"म्हणाले, पोरगं बरं वाटलं, पण तांब्यातलं पाणी अर्धंच प्यालं. राहिलेलं प्यायला कवा येतंय, इचार."

आदिनाथने दाराची चौकट धरली. बाहेरची बाई पुन्हा ओरडली.

"रविवारी," तो म्हणाला. "आईला घिऊन."

"त्या चिडणार आहेत ना?"

"चिडायला तरी यीलच की."

आणि तो हसत हसत काट्याकडे पळाला. मी जमिनीवरची रिबन उचलली आणि प्रिंटरमध्ये नीट बसवली. हाताने. मग प्रिंटर उचलून काट्यापाशी नेला आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले. तो फॅट वाचून सांगत होता, मी पावत्या फाडून देत होते. प्रत्येक पावतीवर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा उमटत होता, आणि कॅन घेऊन आलेल्या बाया एकमेकींना कोपरखळ्या मारत आमच्याकडे बघत होत्या.